वडील माथाडी, गाव कोयनेच्या पाण्याखाली: घरच्या इतिहासासाठी कागद कुठे शोधायचे?

घणसोलीकर

मंडळी, मला माझ्या वडिलांचा आणि त्यांच्या मागच्या दोन पिढ्यांचा इतिहास लिहून काढायचा आहे. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वय पंच्याहत्तरीच्या घरात. आधी मस्जिद बंदरला दाणाबंदरात आणि बाजार हलल्यावर वाशीला, असं त्यांनी जन्मभर माथाडी काम केलं. आमच्या घरात कुणी सरदार नव्हता, वतन नव्हतं, इनाम नव्हतं. नाचणी पिकवणारी आणि पोती वाहणारी माणसं. अशा घराचं कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून मीच बसले आहे. प्रश्न शेवटी विचारते. आधी ठाऊक आहे तेवढं सांगते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, जावळीच्या मुलखात, कोयनेकाठी. म्हणजे आता शिवसागर जलाशयाच्या काठी. आजोबांची भाताची खाचरं नदीला लागून होती आणि वरच्या उतारावर नाचणी, वरी. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा आबा दहा-अकरा वर्षांचे होते. खोऱ्यातली कितीतरी गावं उठली. कुणाला रायगडात जमिनी मिळाल्या, कुणाला रत्नागिरी, ठाणे, सांगलीकडे. आमचे आजोबा गेले नाहीत. घर उतरवलं, वासे-आढी खांद्यावर घेऊन डोंगराच्या अंगाला वर नेली आणि तिथे पुन्हा उभं केलं. आमच्याकडे याला "गाव वर सरकलं" म्हणतात. गाव सरकलं, पण खाचरं पाण्यात गेली. भात गेला आणि उतारावरच्या नाचणीत वर्ष निघेना. मग थोरले काका, आबांचे सख्खे मोठे भाऊ, गावच्याच माणसांबरोबर मुंबईला गेले आणि दाणाबंदरात एका टोळीत लागले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. नवं घर पडलं. काका शिमग्याला गावी आले ते परत जाताना आबांना घेऊनच गेले. कराडपर्यंत एसटी, कराडहून मीटर गेजची गाडी, पुण्याला उतरून मुंबईची मोठी गाडी. आबा तेव्हा सतराचेही नव्हते. उमरखाडीत गावच्या माणसांचा गाळा होता. पाळीपाळीने झोपायचं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, जेवायला खानावळ.

त्याच वर्षी, म्हणजे १९६८ ला, नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, एका गोदामात थप्पी कोसळली आणि काका पोत्यांखाली सापडले. वय पंचवीस-सव्वीस. मागे काकी आणि सात-आठ महिन्यांची मुलगी. आबा त्या वेळी बाहेर लॉरीवर होते. त्यानंतर टोळीतली काकांची जागा आबांनी घेतली आणि साठीपर्यंत सोडली नाही. माझ्या भावाचं नाव काकांचंच आहे.

यावर आबा बोलत नाहीत. कामाबद्दल विचारा, तास तास सांगतील. दोघं जण हुकांनी पोतं उचलून देतात, तिसरा गुडघ्यात वाकतो आणि ते मानेखालच्या हाडावर घेतो. पोतं नीट बसलं की थांबायचं नाही. थांबलं की वजन वाढतं, असं आबा म्हणतात. फळीवर चढताना पुढच्याचं पाऊल उचललं की तिथेच आपलं पाऊल. साखरेचं पोतं तेव्हा शंभर किलोचं असायचं. साखर अंगाला धरते, तांदूळ सरकतो, मिरचीचं पोतं घामात पाठ सोलून काढतं. त्यांच्या मानेच्या मुळाशी लिंबाएवढी घट्ट गाठ आहे, लहानपणी आम्ही तिला हात लावून बघायचो. एवढं सगळं सांगतात. काकांचा विषय काढला की दोनच शब्द, "थप्पी आली." आणि उठून जातात.

कागद म्हणाल तर काकांचा एकही नाही. फोटो नाही. आबांचं माथाडी बोर्डाचं कार्ड आहे, ते सत्तरनंतरचं. आजोबांच्या नावाचा एक जुना सातबारा आहे. आणि आबांच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा एक गठ्ठा आहे. काका गेल्यापासून आबांनी काकींना दर महिन्याला पैसे पाठवले. पावतीच्या तुकड्यावर काकींच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आणि खाली साक्षीदाराची सही. काही ठसे इतके स्पष्ट आहेत की अंगठ्यावरची विळ्याची खूणसुद्धा दिसते. काकी त्या उतारावर शेवटपर्यंत नाचणी करत राहिल्या. २००९ साली गेल्या.

तर प्रश्न असा. १९६९ च्या आधी, म्हणजे माथाडी कायदा व्हायच्या आधी, मुंबईत हमाली करणाऱ्या माणसाची नोंद कुठे सापडू शकते? काकांच्या मृत्यूचा काही सरकारी कागद असेल का? आणि आजोबांच्या मागचं, म्हणजे पणजोबा, त्यांचे भाऊ, मूळ जमीन, हे शोधायला सुरुवात कुठून करू?

काथाबाजार

ताई, वाचून बराच वेळ गप्प बसलो. माझे वडील चिंचबंदरला एका टोळीचे मुकादम होते, म्हणून पहिल्या प्रश्नावर थोडं सांगू शकतो.

६९ च्या आधी व्यापाऱ्याच्या दप्तरात हमालाचं नाव नसायचंच. व्यापारी हमाली द्यायचा टोळीला, म्हणजे मुकादमाच्या हातात. मुकादम वाटणी करायचा. त्यामुळे नाव असलंच तर टोळीच्या वहीत. आमच्या घरी वडिलांच्या अशा काही वह्या आहेत, लाल कापडी बांधणीच्या. पानावर डावीकडे नावं, पुढे रोजचा हजर किंवा खाडा, महिनाअखेर हिस्सा. जुन्या माणसाला पूर्ण हिस्सा, नव्या पोराला कमी. एक गोष्ट ध्यानात ठेवा, या वह्यांत आडनावं फार कमी सापडतात. नाव आणि गाव एवढंच, आणि एकाच नावाचे दोघे असले तर "थोरला", "धाकटा". तेव्हा आडनाव शोधत बसू नका, गाव शोधा.

आबांना मुकादमाचं गाव विचारा, माणसाचं नाव आठवलं नाही तरी चालेल. टोळ्या बहुतेक एकाच खोऱ्यातल्या असायच्या, त्यामुळे घर सापडतं. वह्या फेकायला मन होत नाही कुणाचं, माळ्यावर असतात.

दुसरी जागा म्हणजे तुमच्या गावाचं मुंबई मंडळ. त्या काळी प्रत्येक गावाचं मंडळ होतं आणि जमाखर्च चोख असायचा. कुणी मुंबईत वारलं की अंत्यविधीचा खर्च मंडळ करायचं, घरच्यांना वर्गणी जायची. हे सगळं खर्चाच्या बाजूला तारखेनिशी लिहिलेलं सापडेल. माझ्या वडिलांच्या मंडळाच्या वहीत अशा नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत: लाकडं, भटजी, गावी तार, बायकोच्या भावाचं भाडं.

आणि नुकसानभरपाईचं कुणाच्या मनात येईल म्हणून सांगतो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता, पण हमालाला तो लागू करायचा तर मालक दाखवायला लागतो. व्यापारी म्हणणार, माणूस टोळीचा. टोळी म्हणणार, आम्ही कुणाचे नोकर नाही. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील ज्यासाठी भांडले ते हेच. १९६९ च्या माथाडी कायद्याने व्यापारी आणि टोळी यांच्यामध्ये माथाडी बोर्ड आणलं. मालकाची नोंद, टोळीची नोंद, मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची, तिथून कामगाराला पगार, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी. नोंदलेल्या कामगाराला भरपाईचा कायदाही लागू झाला. तुमचे काका त्याच्या वर्षभर आधी गेले. माझे वडील असे गेलेले चार-पाच जण नावानिशी सांगायचे, आणि कायदा झाला तेव्हा ते त्यांचीच आठवण काढून रडले होते.

सजा_निवृत्त

मी महसूल खात्यात तलाठी होतो, पुढे मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण त्यातून दुसऱ्याचंही अर्धं उत्तर मिळेल.

सातबारा हातात आहे ना? त्यावर आजोबांच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात आकडे असतील. ते फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. आजोबांचं नाव जमिनीवर कसं लागलं, ते त्यात लिहिलेलं असतं: अमुक मयत, वारस मुलगे इतके, पत्नी अमुक. म्हणजे पणजोबा, त्यांच्या मृत्यूचा काळ आणि आजोबांचे सगळे भाऊ एका पानावर सापडतात. तिथून मागचा फेरफार, असं एक एक पायरी उतरत जायचं. फार मागे गेलात तर मोडी लागेल. वाचणारी माणसं आहेत, घाबरू नका.

जमीन पाण्यात गेली आहे, म्हणजे भूसंपादन झालं आहे. त्याचा निवाडा, म्हणजे भरपाई ठरवल्याचा सरकारी कागद असतो. त्यात गट किंवा सर्व्हे नंबरवार क्षेत्र, जमिनीची प्रत, झाडं, घर, पडवी, गोठा आणि प्रत्येकाची रक्कम लिहिलेली असते. तुमचं पाण्याखालचं घर किती खणांचं होतं आणि दारात आंबा होता की फणस, हे त्या निवाड्यात मिळू शकतं. ही कागदपत्रं जिल्ह्याच्या भूसंपादन आणि पुनर्वसन शाखेत विचारा. आजोबा पुनर्वसनाला गेले नाहीत, तरी खातेदार म्हणून नाव असणारच.

आता थोरल्या काकांचं. ते मुंबईत वारले म्हणून गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, बहुधा नसतील. तरी बघा, कोतवालाने ऐकून लिहिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. पण आजोबा वारले तेव्हा वारस नोंद झाली असेल. काका आधीच मयत, म्हणून त्यांच्या जागी काकी आणि मुलगी वारस लागल्या असतील. त्या फेरफारात "मयत मुलगा अमुक याची विधवा" असं काकांचं नाव यायलाच हवं. वारस नोंदवही, नमुना ६-क, तीही पाहा. जबाब जोडलेले असतात, कधी कधी मृत्यूचं सालसुद्धा जबाबात असतं.

काका शाळेत गेले होते का? गेले असतील तर शाळेचं जनरल रजिस्टर. गाव उठलं तरी रजिस्टर जवळच्या केंद्रशाळेत जमा असण्याची शक्यता असते. जन्मतारीख तिथे मिळेल. तारीख अंदाजे लिहिलेली असायची, पण नाव पूर्ण असतं.

माहेर_डोंगरी

मी पालिकेच्या आरोग्य खात्यात जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर नोकरी केली. मृत्यूच्या कागदाचं सांगते.

मुंबईत मृत्यूची नोंद राहत्या जागेवरून होत नाही, मृत्यू जिथे झाला त्या वॉर्डात होते. मस्जिद बंदरच्या गोदामात जागीच गेले असतील तर बी वॉर्ड. जे.जे.ला नेल्यावर गेले असतील तर ई वॉर्ड. सेंट जॉर्जला नेलं असेल तर ए वॉर्ड. तेवढं आबांकडून कळलं तर अर्धं काम झालं. १९६८ ची नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला होती, म्हणजे तुम्हाला जुलैअखेर ते ८ ऑगस्ट एवढंच रजिस्टर बघायला लागेल. हे फार मोठं भाग्य आहे. लोक नुसतं साल घेऊन येतात, कधी तेही नसतं.

नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये असेल आणि चुकलेलं असेल. गावचं आडनाव न लिहिता नुसतं काकांचं आणि आजोबांचं नाव लिहिलेलं असू शकतं. वय, पत्ता आणि "हमाल" या धंद्यावरून ओळखा.

अपघाती मृत्यू म्हणजे शवविच्छेदन आणि कॉरोनरची चौकशी झालीच असणार. कॉरोनर म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, मुंबईत तो १९९९ पर्यंत होता. ते कागद इतक्या जुन्या सालाचे मिळतील असं वचन मी देणार नाही, पण मृत्यूच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात त्याचा उल्लेख असू शकतो. आणि स्मशानाचं रजिस्टर विसरू नका. त्या भागातली माणसं बहुतेक चंदनवाडीला न्यायचे. तिथे प्रेत कुणी आणलं त्याचं नाव लिहितात. कदाचित तुमच्या आबांचं नाव आणि सही तिथे असेल.

एक बाईमाणूस म्हणून सांगते. आबांना "काका कसे गेले" असं विचारू नका. "कुठल्या दवाखान्यात नेलं होतं?" एवढाच साधा प्रश्न विचारा, आणि पुढे ते जे बोलतील ते मधे न तोडता ऐकून घ्या.

टपालवाला

त्या पोचपावत्या जपा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटतो. साध्या कागदी लिफाफ्यात सालवार लावा. शिक्क्यावर पैसे देणाऱ्या पोस्टाचं नाव आणि तारीख असते. धरणानंतर खोऱ्यातली टपाल कचेरी कुठून कुठे गेली ते शिक्क्यांवरूनच कळेल. अंगठ्याखाली सही करणारा साक्षीदार गावातलाच शिकलेला माणूस असायचा, मास्तर नाहीतर दुकानदार. तो किंवा त्याचं घर शोधा. दर महिन्याला काकींच्या दारात उभा राहिलेला माणूस आहे तो.

घणसोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरांची प्रिंट काढून आईला वाचून दाखवली.

माहेर_डोंगरी ताई, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. रात्री जेवणं झाल्यावर, आबा सुपारी कातरत होते तेव्हा. म्हटलं, आबा, काकांना कुठल्या दवाखान्यात नेलं होतं? बराच वेळ अडकित्ता चालू राहिला. मग म्हणाले, "जेजेला. गाडी कुठली तवा. हातगाडीवर घातला आन टोळीनं ढकलत नेला. म्या मागनं पळत व्हतो, चपला गोदामातच राहिल्या." मी काही बोलले नाही. मग त्यांनी आपणहून सांगितलं की काका वाटेत शुद्धीवर होते आणि पाणी मागत होते. जे.जे.त गेल्यावर तासाभराने गेले. गावी तार मुकादमाने केली. चंदनवाडीलाच नेलं, अग्नी आबांनीच दिला. दुसऱ्या दिवशी खाडा झाला आणि तिसऱ्या दिवशी आबा काकांचा हूक घेऊन कामावर गेले. हूक काकांचा होता हे आम्हाला आजवर माहीत नव्हतं. तो अजून आमच्याकडे आहे, लाकडी मूठ हाताच्या आकाराला झिजलेली. आम्ही आबांचाच समजत होतो.

आई म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, हातगाडीचं तिनेही पहिल्यांदाच ऐकलं.

काथाबाजार दादा, मुकादमाचं गाव आबांना लगेच आठवलं, पाटणकडचं निघालं. नातू घणसोलीतच आमच्या दोन सेक्टर पलीकडे राहतात, म्हणजे इतकी वर्षं एकाच बाजारात भाजी घेत होतो. वह्या गावच्या घरी माळ्यावर असाव्यात असं म्हणाले, गणपतीला गेले की काढतो म्हणाले. मंडळाच्या वहीचं मात्र अवघड दिसतंय. उमरखाडीचा गाळा विकला तेव्हा दप्तर कुणाकडे गेलं यावर तिघांची तीन मतं आहेत.

सजा_निवृत्त काका, सातबारावर फेरफाराचे आकडे आहेत, एक फार पुसट आहे. भाऊ मेढ्याला तहसील कचेरीत जाऊन अर्ज देणार आहे. निवाड्यात झाडं असतात हे ऐकल्यावर आबांनी दारातली झाडं सांगायला सुरुवात केली: दोन फणस, एक आंबा, मागे हिरड्याचं झाड. मी लिहून घेतली आहेत. निवाडा मिळाला की ताडून बघेन.

मी पुढच्या आठवड्यात ई वॉर्डाच्या कचेरीत जाते आहे. १ ते ८ ऑगस्ट १९६८, जे.जे., हमाल, वय पंचवीस ते सत्तावीस, एवढं घेऊन. चंदनवाडीच्या जुन्या रजिस्टरांसाठी अर्ज तिथेच करायचा की वॉर्ड कचेरीत, हे कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. शक्य असेल तर त्या दिवशी आबांनाही बरोबर न्यायचं आहे, त्यांनी स्वतःच येतो म्हटलंय.